खांडीवरची मोकळी जागा

आमच्या खारेपाटात भरतीने बांध फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड गेली अशी हाक आली की घरटी एक माणूस हातातलं काम टाकून बांधावर धावतो, ठरल्या जागी रांगेत उभा राहतो, आणि चिखलाचे गोळे हातोहात खांडीपर्यंत पोचवले जातात. यालाच जोळ म्हणतात. शेत कुणाचंही असो, नाही म्हणायचं नसतं. वडील गेल्यापासून आमच्या घरचा माणूस म्हणजे मी.

त्या अमावास्येला भर दुपारी हाक आली तेव्हा मी गावातच होतो. मी कॉलेजात शिकवतो. वाढता समुद्र आणि काठावरची माणसं हा माझा विषय. एवढा विषय दारात चालून आलाय, हेच माझ्या डोक्यात. पॅन्ट भिजू नये म्हणून उंचवट्यावर उभा राहिलो आणि मोबाइलवर फोटो काढत बसलो. खांड बुजली नाही. खारं पाणी काकीच्या भातात शिरलं ते शिरलंच.

पुढच्या वर्षी परदेशात एका परिषदेला गेलो. खाजणातल्या बेटांवर वसलेलं जुनं शहर. भरती चढली की तिथली माणसं गुडघाभर पाण्यातून चौक ओलांडतात. मी त्यांना आमचा फोटो दाखवला. त्यात काकी कमरेतून वाकून, हात ताणून शेजाऱ्याकडून चिखलाचा गोळा घेते आहे. हे लांबलेले हात म्हणजे माणसाने समुद्राला केलेली विनवणी, असं मी सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, आणि मी तर त्या दिवशी अक्षरशः कोरडा होतो.

परतल्यावर तो फोटो मोठा छापून काकीकडे गेलो, कौतुक करून घ्यायलाच. तिच्या शेतात आता कांदळवन वाढतंय. ती ओटीवर दुकानातला तांदूळ निवडत होती. फोटो तिने बराच वेळ पाहिला, मग तिकडची माणसं काय म्हणाली ते विचारलं. मी विनवणीचं सांगितलं.

"तसा काय न्हाय रे," ती म्हणाली आणि फोटोवर बोट ठेवलं. "माझ्या नि त्याच्यामदी ही तुमच्या घरची जागा हाय. तू येशील म्हणून कोन सरकला न्हाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली आणि मी पहिल्यांदाच तो फोटो नीट पाहिला. दोघंही हात ताणून उभे होते, आणि मधे एक माणूस सहज मावला असता.