भिंतीवरचे सैनिक

स्वयंपाकाच्या वत्सलामावशीनं सांभाळून घेतलं, म्हणून मी पुण्यात टिकले. काच पुसायच्या पाण्याचा वास आला की आजही तो पहिला दिवस आठवतो. शाळा सोडून मोताळ्याहून घरकामाला आले होते. मालकांनी दिवाणखान्यात शोभेला जुन्या लढाईचे फोटो लावले होते, चिखलात पडलेले सैनिक. आमच्या घरी फ्रेम फक्त गेलेल्या माणसाची, आणि माझा भाऊ तेव्हा सरहद्दीवर. काम जाईल हे कळत होतं, तरी पुसायला हात उठेना.

"काऊन भिऊन राह्यली वं पोरी? ते काही खाली उतरत नाहीत," मावशी म्हणाली. तीही माझ्याच मुलखातली, जळगाव जामोदची. "तू भांडे घास. यायचे तोंडं मी पुसीन."

तिनं एकेक चेहरा हळूच पुसला. मी सुटले, एवढंच तेव्हा वाटलं. पुढे तिच्या खोलीवर गेले, तर भिंतीवर तिचा फौजी मुलगा होता. फोटोवरचा हार कधीचाच वाळलेला.

माझा भाऊ परत आला. मावशी आता गावी असते, तिला दिसत नाही. एक दिवस मी जाईन आणि तिच्या लेकाची काच माझ्या हातानं पुसून देईन.