चार वाजताचे पैसे

चिपळूणच्या एसटी स्टँडवर आईनं मला शपथ घालून एकच गोष्ट बजावली. "दत्तू, तिकडे लागेल ते कर, पण विकतचं रक्त जावयांच्या अंगात जाऊ देऊ नकोस. पैशांसाठी रक्त विकतो तो माणूस कसला असेल, देव जाणे."

आदल्या संध्याकाळी सोलापूरहून आक्काची तार आली होती. भाऊजी तिथल्या एका रंगखान्यात सूत रंगवण्याच्या कामावर मास्तर. उकळत्या रंगाची कढई कलंडली आणि दोन्ही पाय मांडीपर्यंत भाजले. रक्त लागेल, नीघ, एवढंच तारेत होतं. मी शाळेत रजेचा अर्ज टाकला, पिशवीत दोन धोतरं आणि आईनं दिलेली आमसुलं कोंबली आणि निघालो. सोलापूरला जाणाऱ्या माणसानं आमसुलं कशाला न्यायची, हे आईला विचारायची माझी छाती झाली नाही.

पुण्याहून सकाळची गाडी धरली. दौंडच्या पुढे खिडकीतून पाहण्यासारखं काही उरतच नाही, असं माझं कोकणी मत झालं. डोंगर नाही, माड नाही, पाण्याचा थेंब नाही. नजर जाईल तिथवर ज्वारी. जानेवारीचे दिवस होते आणि कणसं भरात होती, पण ते कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. आक्का धीराची आहे, पण परमुलखात एकटी पडलेली.

केमला एक पागोटेवाले गृहस्थ चढले. करमाळ्याकडचे शेतकरी, सोलापूरला निघालेले. त्यांनी न विचारता माझ्या हातावर धपाटं (ज्वारीच्या पिठाची तिखट, थापलेली भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. चटणी अशी जहाल की मला भाऊजींचा विसर पडावा. मी डोळे पुसले तसे ते म्हणाले, "रडू नगा पावनं. कोन आजारी हाय?"

चटणीनं पाणी आलं हे सांगायला गेलो आणि सगळंच सांगून बसलो.

"रगत लागतंय व्हय? मग भ्यायचं काय त्यात. रक्तपेढी हाय की तितं. मान्सं सकाळी रगत देत्यात, चारला पैसं घेत्यात."

"चारला का?"

"ते काय म्हाईत न्हाय. पर चारच्या आत कुनाला देत न्हाईत. आमच्या गावचा एकजन बसून बसून कटाळून आला हुता."

कुर्डुवाडीपर्यंत मी याच गोष्टीवर चरफडत राहिलो. आधीच गरजेपोटी रक्त विकायचं, त्यात दिवसभर ताटकळायचं. ही कुठली रीत?

सोलापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता आणि ऊन असं कोरडं की आमच्याकडे वैशाखातही तसं पडत नाही. टांगा करून थेट दवाखाना गाठला. आक्का व्हरांड्यातच बसली होती. मला पाहून ती रडली नाही. म्हणाली, "आलास? जेवलास का?" तिचा तो प्रश्न ऐकून मलाच भरून आलं.

भाऊजींच्या पायांवर कमानीसारखा पिंजरा होता आणि त्यावर चादर. चेहरा पांढरा पडलेला, ओठ सुकलेले. मला पाहून म्हणाले, "दत्तोपंत, रंग काही जमला नाही." एवढं बोलून दमले.

वॉर्डाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. भाजलेल्या माणसाच्या अंगातून रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, पाझरून जातो. तोच परत भरावा लागतो. रक्ताची बाटली थंड कपाटात उभी ठेवली की तांबडं खाली बसतं, वर पिवळं पाणी राहतं. तेवढंच काढून घ्यायचं. "तीन बाटल्या हव्यात. गट जुळणाऱ्या दोन रक्तपेढीत आहेत, कुणाकुणाच्या नातेवाइकांनी बिनपैशानं दिलेल्या. तिसरीचं तुम्ही बघा, आणि उद्याच बघा. नाडी मला आवडत नाही त्यांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बहीणभाऊ रक्तपेढीत हजर. ती चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई साठीच्या आसपासच्या, बोलणं कापल्यासारखं. मी बाही वर करून पुढे झालो.

"कधी कावीळ झाली होती?"

"झाली होती. गेल्या वर्षी."

"बाही खाली करा."

आक्काच्या बोटाला सुई टोचून त्यांनी थेंब निळ्या पाण्याच्या पेल्यात सोडला. थेंब बुडाला तर रक्त कसदार, तरंगला तर अशक्त. आक्काचा थेंब वरच्यावर फिरत राहिला. दोन दिवस ती चहावर होती, बुडणार कुठून?

आता राहिलं ते आईनं नको म्हटलेलं विकतचं रक्त. आईची शपथ मी मनातल्या मनात बाजूला ठेवली. जावई राहिले तर शपथ.

पायरीवर पाचसहा माणसं रांगेत बसली होती. त्यातल्या एकाच्या रक्तपेढीच्या कार्डावर भाऊजींचाच गट होता. नाव नामदेव, तिशीच्या आतला, मूळचा वैरागचा, इथं यंत्रमागावर कामाला. केसांत सुताची पांढरी लव अडकलेली. तीन महिने झाल्याशिवाय परत रक्त घेत नाहीत आणि त्याचे तीन महिने कालच भरले होते.

मी त्याला सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "देतो की. त्यासाटीच आलोय."

इथं मला दानशूरपणाची उबळ आली. या गरीब माणसानं चार वाजेपर्यंत का ताटकळावं? मी खिशातून दहाच्या दोन नोटा काढल्या. रक्तपेढीचा भाव तेवढाच होता.

"ऱ्हाऊ द्या मास्तर, चारला मिळत्यात."

"अरे घे रे. बाटली दिलीस की सरळ घरी जा. चारला मिळणारे तुझे पैसे मी घेईन." असं म्हणत मी त्या त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबल्या आणि स्वतःवर खूश झालो.

आत गेल्यावर त्याचा थेंब निळ्या पाण्यात दगडासारखा बुडाला. तो खाटेवर आडवा झाला. सुई लागायच्या आधी त्यानं खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "बाई, हे जरा तिकडं ठिवा. मास्तरांनी दिल्यात, चुरगळतील."

डॉक्टरीणबाईंनी हातातली सुई परत ताटलीत ठेवली.

"मास्तर, तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"मराठी."

"मग ती पाटी वाचा."

दारावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं की रुग्णाच्या नातेवाइकांनी रक्त देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, दिल्यास ते रक्त घेतलं जाणार नाही. मी त्या पाटीखालून दोनदा ये-जा केली होती.

"आज तुम्ही वीस दिलेत," बाई म्हणाल्या. "उद्या एखादा शेठजी पायरीवर येऊन पन्नास देईल. मग ज्याच्याकडे पाचही नाहीत त्याच्या पोराला कोण रक्त देणार? पूर्वी इथं असंच चालायचं. म्हणून रक्त कुणासाठी ते देणाऱ्यानं विचारायचं नाही, आणि पैसे चारला, खिडकीवर, सगळ्यांना सारखे."

"पण चारला का?" मी चिडून विचारलंच.

"दुपारी बाटली तपासतात, ती पास व्हावी लागते. आणि पैसे आधी हातात पडले की माणूस दूध अर्धं टाकून उन्हात पळतो आणि रस्त्यात चक्कर येऊन पडतो. चारपर्यंत बसला की जेवतो, सावरतो." त्या नामदेवकडे वळल्या. "ऊठ रे. आज तुझं घेता येत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिसरी बाटली समोर खाटेवर आडवी पडलेली आणि मीच तिला बूच मारलेलं. मी माफी मागितली, पाया पडायचा तेवढा राहिलो. बाई हलल्या नाहीत. खरं सांगतो, त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

"मग कुणाचं चालतं?" आक्कानं तिथं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नातेवाइकाचं. पण त्याला पैसे मिळत नाहीत. नावापुढे नातं लिहून बिनपैशाचं घेतो."

"मग लिहा." आक्कानं नामदेवकडे बोट केलं. "हा माझा भाऊ आहे."

"मघाशी तर हा तुमचा कोणी नव्हता."

"मघाशी नव्हता," आक्का म्हणाली. "आता आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. मग नामदेवला म्हणाल्या, "कळतंय ना तुला? हे वीस परत करायचे आणि चारला खिडकीवर तुझं नाव येणार नाही."

नामदेव खाटेवर उठून बसला होता. त्यानं टेबलावरच्या नोटांकडे पाहिलं. पैशांची त्याला गरज होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी मान खाली घातली. मागायला तोंड कुठं होतं मला?

"मला भैन न्हाय," तो हळूच म्हणाला. मग नोटा उचलून त्यानं माझ्या हातात ठेवल्या आणि परत आडवा झाला. "भैनीकडनं पैसं घेत न्हाईत. लिवा बाई."

बाटली भरली. तो दूध प्याला, उकडलेलं अंडं खाल्लं आणि बाकड्यावर जाऊन बसला. आक्का वॉर्डात गेली, मी त्याच्याजवळ थांबलो. दुपार टळली तरी तो जागचा हलेना.

"अरे, आज पैसे नाहीत ना? मग घरी जा की."

"बाटली पास हुती का बगतो. फेल झाली तर दाजीस्नी काय चडवनार?"

बसल्याबसल्या त्यानं पैसे कशाला हवे होते तेही सांगितलं. रविवारी त्याच्या पहिल्या पोरीचं बारसं होतं. पाहुण्यांना जेवण आणि बायकोला एक लुगडं, एवढाच बेत. ते ऐकून मला बाकडं टोचायला लागलं.

चार वाजता खिडकी उघडली. एकेक नाव पुकारलं गेलं, एकेकजण अंगठा उठवून पैसे घेऊन गेला. शेवटी खिडकीतून डॉक्टरीणबाईंचंच डोकं बाहेर आलं. "नामदेव, तुझी बाटली चांगली आहे." तेव्हा कुठं तो उठला.

तिसऱ्या दिवशी भाऊजींना तो प्लाझ्मा चढला. संध्याकाळी त्यांनी भाकरी मागितली. भाकरी नाही मिळाली, पेज मिळाली, त्यावर ते वैतागले आणि वॉर्डाचे डॉक्टर मला म्हणाले, "वैतागले ना? आता काळजी नाही." पाय बरे व्हायला महिने लागणार होते, पण माणूस हाताला लागला होता. आक्का त्या दिवशी प्रथम रडली.

मग सोलापूर मला दिसायला लागलं. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठी बसलो, कुडुम कुडुम वाजणारी कडक भाकरी दह्यात बुडवून खाल्ली. भाऊजींच्या शेजाऱ्यांच्या मळ्यात हुरडा (भाजलेली कोवळी ज्वारी) खाल्ला आणि दौंडच्या पुढे पाहण्यासारखं काही नाही हे माझं मत गुपचूप मागे घेतलं.

आक्कानं बारशाचं ऐकल्यावर एकच विचारलं. "आत्या कोण आहे पोरीला?" आत्याशिवाय बारसं कसं होणार? नाव ठेवायचा मान आत्याचा. अंगडं-टोपडं, पायातले वाळे, भावजयीला लुगडं, हे सगळं आत्यानं न्यायचं असतं आणि ते नको म्हणायची सोय कुणालाच नसते. भाऊजी पलंगावरून म्हणाले, "मी काही पळून जात नाही. जा तुम्ही दोघं."

नामदेवची खोली एवढीशी, पण दारात रांगोळी होती. आक्कानं पाळण्याची दोरी धरली. नामदेवची बायको म्हणाली, "आत्याबाईंच्या मनातलं ठिवा." आक्का वाकली आणि पोरीच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्यानं सगळ्यांना. घुगऱ्या वाटल्या गेल्या, सुंठवड्याच्या पुड्या निघाल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी त्या दोन नोटांची घडी पोरीच्या मुठीत दिली. त्यातल्या एकीवर माझ्या लाल शाईचा डाग होता, वह्या तपासताना पडलेला. पोरीनं मूठ गच्च मिटली. बाळाच्या मुठीतलं परत घेतात का कुठं? नामदेवनं तो डाग ओळखला. माझ्याकडे पाहून हसला.

"चार वाजले वाटतं, मास्तर."

"वाजले," मी म्हणालो.

सोमवारी निघालो. केमला गाडी थांबली तेव्हा ते पागोटेवाले दिसतात का म्हणून खिडकीतून डोकावलो. चारला का, ते आता मी त्यांना सांगू शकलो असतो. परमुलूख म्हणून गेलो होतो. येताना मागे एक घर ठेवून आलो, एवढंच या प्रवासाचं सार.

चिपळूणला पोचलो तर आई ओसरीवरच. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "विकतचं नाही ना चढवलंस?"

"नाही. घरचंच होतं."

"घरचं? तुला तर कावीळ झाली होती."

मी तिच्या हातावर सुंठवड्याची पुडी ठेवली. "तुझ्या नातीच्या बारशाची आहे. आक्कानं तुझं नाव ठेवलंय तिला. द्वारका."

मग तिला सगळं सांगितलं, पाटीसकट. सांगून झालं तेव्हा बराच वेळ पुडीच्या दोऱ्याशी चाळा करत बसली. मग पुडी सोडून चिमूटभर सुंठवडा तोंडात टाकला आणि मला म्हणाली, "दिसायला कुणावर गेलीय रे?"