पोत्याखालचं तापमान

माझ्या अक्षराला आणि शुद्धलेखनाला आधीच हात जोडते. चौथीनंतर मी जे लिहिलं ते पुठ्ठ्यावर, आणि तेही भाजीचं नाव आणि भाव एवढंच. त्यात ऱ्हस्व-दीर्घ कोणी बघत नाही. गिऱ्हाईक फक्त आकडा वाचतं आणि त्यावरून भांडतं. ही वहीसुद्धा माझी नाही. तापमान लिहायला मला दिलेली आहे. अर्धी भरली, मागची पानं कोरी राहिली, म्हणून त्यांच्यावर लिहिते आहे. घरी सांगितलेलं नाही. सांगितलं तर सगळे वाचायला मागतील, आणि मग माझ्याने एक ओळ लिहिली जाणार नाही.

आमचं वावर बार्शीटाकळीच्या अलीकडे आहे. नवरा पिकवतो, मी अकोल्याला नेऊन विकते. मेथी, पालक आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. आमची बाराजणींची रांग एका लांब भिंतीला लागून बसते. सकाळी भिंतीची सावली असते. अकरा वाजता ती भिंतीत परत जाते आणि दुसऱ्या दिवशीच बाहेर येते. समोर दोन कडुलिंब होते. रस्ता मोठा केला तेव्हा ते गेले आणि त्या जागी एक खांब आला. खांबावर एका उन्हाळ्यात नोटीस लागली, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. ती आम्ही बाहेर बसूनच वाचली. म्हणजे मी वाचली, बाकीच्यांनी ऐकली.

माझ्या शेजारी लिंबू-मिरच्यावाली बसते. मी तिला मावशी म्हणते. वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. मला जे बोलायचं असतं ते बहुतेक वेळा तीच बोलते, आणि जे बोलायचं नसतं तेही. नोटीस ऐकून ती म्हणाली, "लिवनाऱ्याले म्हना, लिंबं तुया घरी आनून इकतो, जागा दे."

त्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्यातली टमाटेवाली दुपारी दोन वाजता वजन करता करता काट्यावरच तोंडघशी पडली. गिऱ्हाइकाला वाटलं, वजनात काही लबाडी करते आहे. दवाखान्यातून ती पंधरा दिवसांनी आली, पण तेव्हापासून दुपार झाली की आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहायचो, आता कोण. कोणी डोळे मिटले की मावशी त्या बाईवर पाणी मारायची. दोघीजणींना नुसती झोप लागली होती. त्यांनी मावशीला बऱ्याच शिव्या दिल्या.

एक मॅडम आमच्याकडून भाजी घ्यायच्या. कॉलेजात शिकवतात, पुण्याकडच्या आहेत. "एक जुडी द्याल का?" असं विचारायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशीला वाटलं, बाई आपली थट्टा करते. एक दिवस त्यांनी माझा पुठ्ठा पाहिला आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?" मी मान हलवली. म्हणाल्या, मग तुम्ही आमच्यात या, आम्ही उन्हावर काम करतो. मी नाही म्हटलं नाही. मला नाही म्हणता येत नाही. दारावर येणाऱ्या भांडेवाल्यांना हे माहीत आहे, म्हणून माझ्याकडे इडलीची तीन पात्रं आहेत आणि आमच्या घरी इडली कोणी खात नाही. लोक चळवळीत रागाने जातात म्हणे. मी अशी गेले.

रविवारी एका शाळेच्या खोलीत बैठक असायची. भिंतीवर चित्रं दाखवली. एक पांढरं अस्वल बर्फाच्या तुकड्यावर उभं होतं आणि तुकडा वितळत होता. सगळे हळहळले. माझं लक्ष बर्फाकडे होतं. एवढा बर्फ मिळाला असता तर माझा पालक संध्याकाळपर्यंत उभा राहिला असता. नंतर चहा आला. कागदी कप चालत नाहीत, ज्याने त्याने घरून पेला आणायचा, असा नियम होता. मला तो माहीत नव्हता. पेला नाही म्हणून चहा नाही. पर्यावरणासाठी मी केलेला तो पहिला त्याग.

त्या बैठकीत ठरलं की शहरात पाच ठिकाणी तापमान लिहून काढायचं आणि बाजाराचं काम पाहणाऱ्या साहेबांना द्यायचं, म्हणजे भाजीवाल्यांना सावली मागता येईल. आमच्या रांगेचं काम माझ्याकडे आलं. मॅडमनी पांढरी डबी दिली, तिच्यावर आकडा दिसायचा. म्हणाल्या, महागाची आहे, जपा. थेट उन्हात ठेवायची नाही, सावलीत ठेवायची, नाहीतर आकडा चुकतो. बारा, दोन आणि चार वाजता लिहायचं.

आमच्या धंद्यात जे जपायचं ते ओल्या पोत्याखाली जातं. भाजी तर जातेच. पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, मोबाइल, मावशीची तंबाखूची चंची, तिचे डोळ्यांत टाकायचे थेंब, सगळं भिजवलेल्या पोत्याखाली. आणि अकरा वाजल्यानंतर आमच्या रांगेत दुसरी सावली नसतेच. मी डबी मेथीच्या दोन जुड्यांच्या मध्ये ठेवली, वरून पोतं ओढलं, आणि तासातासाला त्याच्यावर पाणी मारत राहिले. एवढी निगा मी कोणत्याच वस्तूची घेतली नसेल.

दोन वाजता एकतीस. चार वाजता तीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकतीस. मी तारीख घालून नीट लिहीत गेले. मोबाइल पंचेचाळीस दाखवायचा. मी म्हटलं, तो अख्ख्या अकोल्याचा असेल, आपल्याला आपल्या रांगेचा लिहायला सांगितला आहे. मावशी रोज विचारायची.

"काय म्हन्ते वो तुयी डबी?"

"एकतीस."

"माय वो. मंग मी काहून मरून राहिली?"

मला वाटलं, वयामुळे असेल.

त्याच दिवसांत साहेब बाजारात फेरीला आले. मॅडमनी त्यांना गाठलं. ते म्हणाले, उन्हाळ्यापुरती जाळी लावून घ्या, बिल आणा, पाहू. मावशीने पाहू म्हणजे देतो असं धरलं आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन शेतीच्या सामानाच्या दुकानात गेली. तिथले शेठ हिरवी जाळी विकतात, रोपांवर बांधायची. त्यांनी विचारलं, रोपवाटिका आहे का.

"हाव," मावशी म्हणाली. "बाराच रोपं हायेत. पन जुनी हायेत."

शेठने बांबूंसकट सामान उधारीवर दिलं आणि वहीत नावाच्या जागी 'भाजीवाल्या बाया' असं लिहिलं. पैसे सरकार देणार, असं मावशीने त्यांना इतक्या ठामपणे सांगितलं की मलाही खरं वाटलं.

जाळी लागली त्या दुपारी आम्ही सगळ्या हिरव्या दिसत होतो. टमाटे काळपट दिसायला लागले, टमाटेवालीने कपाळाला हात लावला. माझा मात्र फायदा झाला. कालचा पालक आजचा दिसायचा. पण दोन वाजता कोणी डोळे मिटले नाहीत, आणि टमाटेवाली डबा उघडून दोन भाकरी खाऊन उठली. मागच्या वर्षीपासून ती दुपारी जेवतच नव्हती. कपाळाला लावलेला हात तिने त्याच दिवशी काढला.

पंधरा दिवसांनी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. मॅडम, मावशी, मी आणि आणखी तिघी गेलो. आत इतका गारवा होता की मावशीने दोन्ही खांदे पदरात घेतले. मॅडमनी अर्ज दिला, सोबत पाचही ठिकाणांचे आकडे. आमच्या रांगेचे एका विद्यार्थिनीने माझ्या वहीतून जसेच्या तसे कॉम्प्युटरवर उतरवले होते. मॅडम तेव्हा पेपर तपासण्यात होत्या, त्यांनी ते पाहिलेले नव्हते. साहेबांनी पाहिले. एक पान उलटलं, परत मागे आले, चष्मा काढून पुसला.

म्हणाले, "हे तुमचंच मोजमाप आहे ना? मेच्या महिन्यात दुपारी दोनला एकतीस? अहो, तुमच्या रांगेत चिखलदरा आहे. लोक तिथे पैसे खर्चून जातात."

ऑफिसातले दोघेतिघे हसले. साहेब माणूस वाईट नव्हते. कागदावर जे होतं ते त्यांनी वाचलं. असे आकडे असताना बिल कसं मंजूर करू, असं त्यांनी विचारलं, आणि बांबू रस्त्यात येतात अशी एक तक्रारही आलेली आहे, तेव्हा आठ दिवसांत जाळी काढून घ्या म्हणाले. मॅडमनी कागद हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहिलं. आयुष्यात एकदा ती बोलायला हवी होती, तेव्हा ती गप्प. मला टमाटेवालीच्या भाकरी आठवल्या. माझे कान इतके तापले होते की डबी तिथे लावली असती तर साहेबांनी लगेच सही केली असती.

मी म्हटलं, "साहेब, थे मेथीचं हाय."

"काय मेथीचं?"

"आकडा. मॅडमनं सांगतलं सावलीत ठेवा. जाळी लागाच्या आंधी अकरानंतर आमच्या रांगेत सावली फकस्त मेथीले होती, ओल्या पोत्याखाली. म्हनून तिथं ठेवलं."

साहेबांनी चष्मा पुन्हा काढला. मग त्यांनी विचारलं, "आणि पोत्याच्या बाहेर?"

"बाहेर आमी बसतो."

मी खाली बघत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मावशी नंतर सांगायची की ते अख्खा पेला पाणी प्यायले. पण मावशी प्रत्येक वेळी काहीतरी वाढवते, आता ती दोन पेल्यांवर आली आहे. एवढं मात्र खरं की त्यांनी कागदावर लिहून दिलं, पाऊस येईपर्यंत जाळी राहू द्यावी आणि आकडे नव्याने घ्यावेत. बिलाचं मात्र होणार नाही म्हणाले. रेकॉर्डवर एकतीस आलेलं आहे, आणि रेकॉर्डला मेथी कळत नाही.

जिन्यात मॅडम पायरीवर बसल्या आणि तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, चूक माझी आहे, सावली आहे का ते न विचारताच मी सावलीत ठेवा म्हटलं. बिल त्या भरायला निघाल्या. मावशी म्हणाली, बाराजणी खाली बसतो, बाराजणी भरू. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं, तेही जिथे हो म्हणायला हवं होतं तिथे. आकडा माझ्या हातचा होता. शेठच्या दुकानात जाऊन मी म्हटलं, माझ्या नावावर लिहा. त्यांनी 'भाजीवाल्या बाया' खोडलं.

मावशी आठवडाभर बोलली नाही. म्हणजे माझ्याशी बोलली नाही, माझ्याबद्दल सगळ्या बाजाराशी बोलली. "लय शायनी झाली. डबीले मेथी खाऊ घालते अन् सोता उधारी खाते."

शनिवारी मी शेठकडे जायचे. कधी दोनशे, कधी शंभर. पावसात मेथी सडली तेव्हा दोन महिने रस्ता बदलून जायचे, तरी ते चहाच्या टपरीवर भेटायचेच. ते मागायचे नाहीत, नुसतं विचारायचे, मेथी कशी आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात तीच जाळी विहिरीवर धुऊन पुन्हा बांधली. या वेळी साहेबांचा माणूस मोजून गेला आणि दोन बांबू मागे सरकवायला सांगून गेला, बाकी काही नाही. डबी आता बांबूला टांगलेली असते. मॅडमनी आणखी दोन दिल्या, एक जाळीबाहेर खांबाला आणि एक पोत्याखाली. तिन्हीचे आकडे मी शेजारी शेजारी लिहिते. पलीकडच्या केळीवाल्यांची रांग बघून गेली, त्यांनीही जाळी बांधली आणि हे आम्हालाच सुचलं म्हणून सांगत फिरतात. मॅडम त्यालाच चळवळ म्हणतात.

पर्यावरण दिनाला मला एका कार्यक्रमात बोलायला उभं केलं. मी त्या दिवशीचे तिन्ही आकडे वाचले आणि बसले. टाळ्या झाल्या, कार्यक्रम लवकर संपला म्हणून असतील. निघताना मावशीने स्टेजमागचा फ्लेक्स गुंडाळून घेतला, कापड चांगलं होतं म्हणून. तो आता माझ्या पालकाखाली असतो. 'झाडे लावा'मधल्या 'लावा'वर पालक येतो आणि पाहुण्यांच्या फोटोवर मेथी.

गेल्या शनिवारी मला उशीर झाला म्हणून शेठ स्वतःच आले. दुपारची वेळ होती. येऊन जाळीखाली उभे राहिले, वर बघितलं, शिवण बोटांनी ओढून पाहिली आणि माल चांगला आहे म्हणाले. स्वतःचाच माल होता. शेवटचे दोनशे द्यायचे होते. कमरेच्या पिशवीतून मोजले तर एकशे नव्वद निघाले.

"राहू दे वो बाई," ते म्हणाले. "दहाच्या बदल्यात सांबाराची जुडी दे."

सांबाराची जुडी त्या दिवशी वीसला होती. मी पोतं उचललं, जुडी काढली, मधोमध तोडली आणि अर्धी त्यांना दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, खिशातली वही काढली आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली.