गोलकीपरचं कार्ड

शाळेसमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत नवऱ्याचा छोटा छापखाना. लग्नपत्रिकांचा हंगाम संपला की त्याचे हात रिकामे होतात आणि डोक्यात काहीतरी शिजायला लागतं. अशाच एका पावसाळ्यात त्यानं आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाची कार्डं छापली. पत्त्याएवढं कार्ड, पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याची खेळायची जागा, कामधंदा, आवडतं जेवण. एकेकाला घरी बोलावून, चहा पाजून, त्याची परवानगी घेऊन फोटो काढले. शाळेतली पोरं घेतील असा आमचा अंदाज होता. घेतली ती मोठ्या बाप्यांनी, आणि मोबाइलच्या कव्हरमागं घालून मिरवली.

सगळ्यात बडबड्या होता गोलकीपर. दिवसा दुधाचा टेम्पो चालवायचा, संध्याकाळी मैदानावर. आवडतं जेवण विचारलं तर म्हणाला, "पेनल्टी लिवा." नवऱ्यानं खरंच तसं छापलं.

गेल्या फुटबॉल हंगामाच्या मध्यावर तो झोपेतच गेला. तिशी नुकतीच ओलांडली होती. सगळी पेठ हादरली. रक्षाविसर्जन झालं त्या दुपारी मी दुकान उघडलं, तर पायरीशी एकजण मोटारसायकल लावून उभा. गाडीवर आमच्या कट्टर विरोधी पेठेचा स्टिकर.

"वैनी, त्या कीपरचं कार्ड शिल्लक हाय काय?"

"पावणं, तुम्ही कुठलं?"

"आता उचगावात ऱ्हातोय. पन पेठ कुठली, ते दिसतंयच की गाडीवर."

कार्डं होती, कपाटात गठ्ठा पडला होता. पण हात पुढं होईना. बघून सांगते म्हणून त्याला परत पाठवलं. मग रोज कुणी ना कुणी यायला लागलं, आणि मला नवल वाटलं ते असं, की आमच्या पेठेतल्यांपेक्षा त्या पेठेतलेच जास्त येत होते.

नवऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "त्यो गेला ती बातमी पेपरवाल्यानं छापली. पेपर फुकट वाटला काय? मग कार्डानं काय घोडं मारलंय?"

मला ते पटलं नाही. पेपर तर तो जिवंत असतानाही रोज खपत होता. हे कार्ड वर्षभर कपाटात पडून होतं आणि आज मागणी आली ती फक्त तो गेला म्हणून.

उचगावचा तो पाहुणा पुन्हा आला तेव्हा मी त्याला स्टुलावर बसवलं आणि सरळच विचारलं, "तुम्ही लोक त्याला इतक्या शिव्या घालायचा. मग आता कार्ड कशाला?"

तो म्हणाला, "वैनी, आमची बसायची जागा गोलामागं, अर्धी मॅच त्यो आमच्याच म्होरं. दर मॅचला शिव्या घालायचो, त्यो मागं वळून हसायचा. तुमच्या पेठेची मानसं लांब, त्या बाजूला बसनार. आमच्याइतकं जवळनं त्याला कुनी बघितलंय?"

त्याला मी आणखी थोडे दिवस थांबायला सांगितलं. कीपरच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कार्ड द्यायचं नाही, एवढं मात्र तेव्हाच ठरलं.

दिवसकार्य उरकल्यावर मी त्याच्या बायकोकडं गेले. ती एका दवाखान्यात नर्स आहे, तोलून-मापून बोलणारी. पुढ्यात कार्डांचा गठ्ठा ठेवला आणि कोण मागतंय, का मागतंय, ते सगळं सांगितलं. विकायची नसतील तर हा गठ्ठा तुझाच, असंही म्हणाले.

ती एक कार्ड उचलून बघत राहिली. मग म्हणाली, "काकी, त्या शिव्या मला पाठ हायत."

"तुला?"

"घरी येऊन जेवताना सांगायचा. आज नवी कुठली घातली, कोन म्हातारा लई वरडत हुता. ज्या दिवशी गप बसायचे, त्या दिवशी म्हनायचा, आज मी खेळलोच न्हाय जनू." ती हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्याजवळ सरकून बसले.

निघताना तिनंच गठ्ठा माझ्या हातात परत दिला. "द्या त्यास्नी. पन हुती त्याच किमतीला. त्यो गेला म्हनून वाढवू नका, आनि फुकटबी वाटू नका. फुकट घ्यावं असं त्याचं काय न्हवतं."

तसंच केलं. थोड्याच दिवसांत गठ्ठा संपला. त्यातलं एक कार्ड कुणीतरी मोबाइलवर भलत्याच किमतीला विकायला काढलं. मी चिडून तिला दाखवलं, तर ती शांतपणे म्हणाली, "बघू तरी, कोन घेतंय." ते कुणी घेतलं की नाही, कळलं नाही. जाहिरात मात्र दिसेनाशी झाली.

हंगाम संपत आला तरी विचारणारे थांबले नव्हते. एका सकाळी नवरा म्हणाला, "अगं, फाईल हाय की कॉम्प्युटरात. अजून काढूया काय?"

पुन्हा तिला विचारायला मीच गेले. ती ड्यूटीवर निघाली होती, दारातच चपला घालत उभी. ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नगं काकी. पयल्यांदा छापली तवा त्यानं सोता व्हय म्हटलंतं. आता कुनाला इचारनार?"

मी परत येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. ती फाईल त्यानं पुसली नाही आणि छापलीही नाही. अजून कुणी विचारत आलं, की मी संपली म्हणून सांगते आणि त्यांनी त्याला कुठं बसून बघितलं, ते विचारून घेते.