शेवटच्या पट्टीचा आवाज

संगीतशाळेच्या मोठ्या पियानोवर काकांचा हात अडतीस वर्षं फिरत होता. काका वाजवत नसत. ते त्याची दुखणीखुपणी बघत. वाजवणाऱ्याला टाळ्या मिळतात, आपल्याला बसायला स्टूलही मिळत नाही, असं ते हसत सांगत. पण दिलेलं स्टूलही त्यांना उंचीला कधी पसंत पडत नसे.

या वेळी काम नाजूक होतं. हातोड्या नव्या बसवल्या होत्या. पट्ट्या आणि हातोड्यांचा सगळा सांगाडा टेबलाच्या खणासारखा आतबाहेर सरकतो. तो नेमका कुठे थांबवायचा, यावर हातोडी तारेवर कुठे पडणार ते ठरतं. उजवीकडच्या शेवटच्या सुराच्या तारा जेमतेम बोटाएवढ्या. तिथे केसभर आत गेलात तर आवाज घुसमटतो, केसभर बाहेर आलात तर पत्र्यासारखा वाजतो. मधल्या एकाच जागी तो मोकळा होतो. ती जागा कानानेच शोधायची आणि सांगाडा जागीच धरणारा बाजूचा ठोकळा आवळून टाकायचा.

सोमवारी काकांनी ती पट्टी दाबली, तर नुसतं लाकूड वाजलं. "तारा मेल्या," असं म्हणून त्यांनी तिन्ही तारा बदलल्या. नव्याही मेलेल्याच. तार बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्यांनी पट्टी दाबून सहज तारेवर बोट टेकवलं, तर तार चांगली थरथरत होती.

काकांनी बोट तसंच ठेवून पट्टी पुन्हा दाबली. बोटाला थरथर लागली, कानाला मात्र नुसतं लाकूड.

सूर लावायला यंत्र होतं. आवाज मोकळा झाला का, हे सांगणारं यंत्र नव्हतं. म्हणून मंगळवारी ते काकूंना घेऊन आले. कार्यक्रम बुधवारी होता.

"हे बरं, का हे?" सांगाडा किंचित सरकवत काकांनी विचारलं.

"दोन्ही छान आहेत."

"दोन्ही छान नसतात गं. एकच असतं."

"अहो, मला काय कळतंय त्यातलं? साडी निवडताना मी तुम्हाला विचारते, तेव्हा तुम्ही काय सांगता?"

काकांनी पुन्हा पट्टी दाबली. त्या खटल्यात त्यांची बाजू पहिल्यापासून लंगडी होती.

मग काकूंना सापडायला लागलं. "हं, हे जरा बरं... अजून थोडं... हे. हेच." काकांचा जीव भांड्यात पडला. खात्री म्हणून त्यांनी सरकवल्यासारखं केलं, पण सरकवलं नाही, आणि पुन्हा पट्टी दाबली.

"आता तर फारच सुरेख," काकू म्हणाल्या.

"अगं, मी काही हलवलंच नाही."

काकूंनी पदर सारखा केला. "तुमचा चेहरा असा केविलवाणा झाला होता, की म्हटलं, कधीतरी हो म्हणायला हवं."

तेवढ्यात कार्यक्रमात वाजवणाऱ्या बाई सरावाला आल्या. काकांनी होता तिथेच ठोकळा आवळला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाई वाजवत वाजवत उजव्या टोकाला पोचल्या आणि थबकल्या. शेवटची पट्टी त्यांनी तीनदा दाबली.

"काका, हे तुम्हाला असंच हवं होतं?"

काकांनी तोंड उघडलं. 'मला हा सूर ऐकूच येत नाही', एवढंच सांगायचं होतं. 

"हो," ते म्हणाले.

"मग माझाच हात चुकत असेल," बाई म्हणाल्या. "तुमच्या कानापुढे मी काय बोलणार?"

आणि त्या स्वतःची चूक दुरुस्त करू लागल्या. ती पट्टी कधी हळू, कधी जोरात, कधी मनगट उचलून, कधी बोट आडवं करून. काका पियानोला टेकून उभे होते. बाईंचं बोट वर जात होतं, खाली येत होतं.

"थोडं मनगट सैल सोडा," शेवटी ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली आणि मनगट सैल सोडलं.