चार दिवसांसाठी ठेवलेला तंबोरा

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची गंगामावशी. हात पिठाचे तसेच... तंबोरेवाले आमच्या ओसरीवर नीट टेकले पण नव्हते, तोच ही हजर. मग तिच्या मागून भजनी मंडळाच्या बाकीच्या बाया.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या पुढची हं, नेमकं साल विचारू नका. मी तेव्हा नवी नवरी, सासर वडनेरजवळच्या गावात. आठवायचं कारण, परवा आमची नात नागपूरला बास गिटार घ्यायला गेली तर मलाही घेऊन गेली. फार महागाची नको, स्वस्तातली नको, मधली पसंत केली पोरीने. तिने जाड तार छेडली आणि माझी खुर्चीच थरथरली! इतकी खूश झाले मी, काय सांगू... म्हटलं आता लिहूनच काढते. शाळा चौथीपर्यंतच, चुकलं तर चालवून घ्या.

तर तंबोरेवाले. नवरा-बायको दोघं, मिरजेकडचे. हिंगणघाटला रेल्वेतून उतरून बैलगाडीने आलेले, भाताच्या तणसात गुंडाळलेले तीन तंबोरे घेऊन. एक नक्षीचा, किंमत झेपणार नाही असा. एकाच्या भोपळ्याला चीर. आणि मधला... साधा, पण देखणा.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, मंडळाच्या पुढारी. त्यांनी भोपळ्यावर बोटाने टकटक करून कान लावला. खुंट्या पिळून पाहिल्या, घसरतात का. मांडीवर घेऊन पाहिलं, बोटं न ताणता तारेवर पोचतात का.

मग तारांखाली सुताचा धागा सरकवला आणि आवाज असा खुलला... जसं मोहोळ गुणगुणावं. शेवटची जाड तार खर्जाची. ती वाजली की आवाज कानात नाही, छातीत यायचा.

"आवाज बरा हाये," आत्याबाई म्हणाल्या. "पन चार दिवस घरी ठेवून पाह्यतो. नव्या सुनेवानी हाये हे. पहिल्या दिवशी सगळ्याच गोड बोलतात."

हे माझ्याकडे बघून बरं का! गंगामावशी पदर तोंडाला लावून हसली. मधला तंबोरा ठेवून तंबोरेवाले पुढच्या गावांना गेले.

तो मधल्या खोलीत कुडाला टेकवून ठेवला. कूड म्हणजे तुराट्यांची, मातीने लिंपलेली भिंत. पलीकडच्या खोलीत माझी मोठी नणंद राहायची, अनसूयाबाई. हिवाळ्यात तिचं तान्हं बाळ गेलं आणि तिचा आवाजच गेला. सासरच्यांनी आणून सोडलं, डॉक्टर झाले, देवऋषी झाले... एक शब्द नाही. आत्याबाई देवाजवळ दुसरं काही मागायच्याच नाहीत. पोरगी एकदा बोलू दे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पडले होते. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा गप्प. मी चिंचा फोडत बसले होते आणि मधल्या खोलीतून घुमणं आलं. ऊंऽऽ... छातीत येणारं.

जाऊन बघते तर खोलीत कोणी नाही. खर्जाची तार मात्र थरथरत होती, मी डोळ्यांनी पाहिली. भोपळ्याला हात लावला तर एवढ्या उन्हाळ्यात गारेगार. चिंचा तिथेच टाकून मी पळाले.

तिसऱ्या दिवशी तेच. त्या दिवशी गंगामावशीही होती. "ज्याचा पहिले होता ना, तोच आला वाजवाले! काऊन ठेवला वं असा घरात?" झालं, आत्याबाई घाबरल्या. तंबोरेवाले आले की परत देऊन टाकू म्हणाल्या.

चौथ्या दुपारी मी जीव मुठीत धरून कुडाच्या भोकाला डोळा लावला. अनसूयाबाई मांडी घालून बसली होती, रिकामी मांडी हलवत. तोंड बंद, पण गळ्यातून अंगाई गुणगुणत होती. मधेच थांबायची, कान द्यायची. अलीकडून तंबोरा घुमायचा... आणि ती हसायची.

संध्याकाळी तंबोरेवाले आले. आत्याबाईंनी हात जोडून सांगितलं, घेऊन जा बाबा. त्याने तंबोरा उचलला, आणि कुडाच्या पलीकडून आवाज आला. घोगरा, गंजलेला.

"नोका नेऊ. तो बोलते माह्यासंग."

आत्याबाईंनी दाराची चौकट धरली आणि तिथेच खाली बसल्या. रडू की हसू, काही कळेना त्यांना. मी दुपारी पाहिलेलं सगळं सांगितलं.

तंबोरेवाली हसायला लागली. "भूत कसलं आत्ती! जवळ कुणी त्याच सुरात गायलं की तार आपोआप घुमतीय." दाखवते म्हणून तिने तंबोरा मांडीवर घेतला... आणि हसणं थांबलं. खर्जाची तार पार ढिली, लोंबत होती. खुंटीवरच्या वेढ्यांत धूळ बसलेली.

"ही तर आम्ही ठेवून गेलो तवाच उतरलीय," ती हळूच म्हणाली. "ढिली तार घुमत न्हाई कधी."

अनसूयाबाई बाहेर आली, तंबोरेवालीकडून तंबोरा घेतला, पदराने धूळ पुसली आणि आत घेऊन गेली.

तंबोरा राहिला. अनसूयाबाई पुढे मंडळात गायची, आत्याबाईंपेक्षा गोड. त्या दुपारी काय घुमत होतं ते मला आजही माहीत नाही. जे होतं, त्याला मी हात जोडते... आमची पोर परत दिली त्याने.

जाताना तंबोरेवाल्याने जुनी तार ताणून बसवून दिली, नवी घेऊन येतो म्हणाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. अनसूयाबाईने त्या वर्षी कुंभाराला एक लहानसं मडकं जास्तीचं सांगितलं होतं, तिच्या बाळाच्या नावाने. आणि नवी तार घेऊन ते तंबोरेवाले नवरा-बायको पण नेमके त्याच दिवशी येतो म्हणाले... आखाजीला.