कादंबरीतल्या एकशे चौऱ्याऐंशी गाठी

एप्रिलमधला दुसरा मंगळवार, दुपारचे बारा. क्लेम सत्तेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजारांचा. जागा विमा कंपनीचं अकोल्याचं ऑफिस. हजर तिघं: ब्रँच मॅनेजर मॅडम, कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिनिंगचे मालक रामेश्वरभाऊ आणि सर्व्हेअर म्हणून मी. टेबलावर माझ्या कादंबरीची अकरा पानं.

ती पानं तिथं असायला नको होती.

सर्व्हेअर म्हणजे काय ते आधी सांगतो. विमा उतरवलेल्या मालाचं नुकसान झालं की कंपनी एक परवानाधारक माणूस पाठवते. आग कशी लागली, किती जळलं, किती वाचलं, हे तपासून तो रिपोर्ट देतो. तो कंपनीचा नोकर नसतो आणि मालकाचाही नसतो. दोघांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच त्याचं भांडवल. अमरावतीत राहून मी हे काम पंचवीस वर्षं करतो आहे.

कादंबरी त्याहून जुनी आहे. कॉलेजात सुरू केली. एका जिनिंगवाल्या कुटुंबाची गोष्ट. शेवटाकडे मालक विम्यासाठी स्वतःचंच शेड पेटवतो, असं मनात होतं. तिथंच गाडी अडली होती. आग लिहायला बसलो की पंचनामा व्हायचा. बायको म्हणायची, "दुसऱ्यांच्या आगी जन्मभर मोजल्या, स्वतःची एक लावता येत नाही तुम्हाला?"

मार्चमध्ये रामेश्वरभाऊंच्या जिनिंगला आग लागली. मी स्पॉट सर्व्हेला गेलो. दाबून बांधलेली कापसाची गाठ भडकत नाही, आतून धुमसते. वरून पाणी मारा, थंड वाटते. दोन दिवसांनी पट्ट्या तोडल्या की आत लाल निखारा. तो वास अंगावर घेऊनच मी घरी आलो आणि इतकी वर्षं अडलेलं प्रकरण चार बैठकांत लिहून काढलं.

घोटाळा एकच झाला. मला बिनआधाराचा आकडा लिहिता येत नाही. "दोनशे गाठी जळल्या" असं लिहिलं आणि हात थांबला. दोनशे कुठून आले? वजनाची काटापावती कुठं आहे? शेवटी खोडलं आणि सर्व्हेच्या पॅडवर होता तो खरा आकडा घातला: एकशे चौऱ्याऐंशी. मग शेडही पूर्वेचंच राहिलं, सरकी काढणारे जिनही चोवीसच राहिले. माणसांची नावं बदलली होती. कोणाला कळणार, असं वाटलं.

टायपिंग अमरावतीत दिलं असतं तर ओळखीपाळखीत बोभाटा झाला असता. म्हणून बाड अकोल्यात कोर्टाजवळ डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या संध्याताईंकडे टाकलं. त्याच आठवड्यात रामेश्वरभाऊ कंपनीला स्मरणपत्र टाइप करायला त्याच दुकानात गेले. पत्रात एकशे चौऱ्याऐंशी गाठी, पूर्वेचं शेड. दुकानातल्या टेबलावर पडलेल्या माझ्या प्रिंटमध्ये एकशे चौऱ्याऐंशी गाठी, पूर्वेचं शेड. संध्याताईंना वाटलं, सगळे एकाच क्लेमचे कागद. त्यांनी माझी आग रामेश्वरभाऊंच्या पत्राला स्टेपल करून दिली. खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर.

"वाचा मॅडम," रामेश्वरभाऊ म्हणाले. "पान सहावं वाचा. मालक रॉकेलचा कॅन घेऊन शेडात जाते आन देवाचं नाव घेऊन काडी लावते. हा मी आहो का नाही, इचारा यायले."

मॅडमची बदली नुकतीच पुण्याहून झाली होती. वऱ्हाडी बोलणं त्यांना अजून भांडणासारखं वाटायचं. या वेळी ते भांडणच होतं.

"ही कादंबरी आहे, भाऊ," मी म्हणालो.

"कादंबरीत माह्या गाठी कावून? तुमच्या घरच्या टाका ना!"

मॅडमनी पान खाली ठेवलं. "चालू क्लेमचे आकडे तुम्ही बाहेर टाइप करायला दिलेत?"

"हो."

"परवान्याचं काय होऊ शकतं ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

परवाना गेला तर घर कशावर चालवायचं, हा प्रश्न होताच. पण त्याहून वाईट एक गोष्ट फक्त मला माहीत होती. माझ्या बॅगेत रिपोर्टचा कच्चा मसुदा होता आणि त्यात आग अपघाती लिहिली होती. कापसातून लोखंडाचा तुकडा जिनमध्ये गेला, ठिणगी पडली, ती सरकी काढलेल्या रुईबरोबर गाठीत दाबली गेली. पुरावे स्वच्छ होते. माणूस निर्दोष होता. पण आता मी "अपघात" म्हटलं तर मालकाने दबाव आणला म्हणून लिहिलं, असं ठरणार. "घातपात" म्हटलं तर कादंबरी डोक्यात होती म्हणून. माझा खरा रिपोर्टही आता कुचकामी झाला होता.

रामेश्वरभाऊंचा पारा चढतच होता. "आन लेहलं तं धड तरी लेहा, साहेब! तुमचा मालक आगीच्या आदल्या दिवशी चांगल्या गाठी ट्रकनं हलवते. कशा हलवते? हरेक गाठीवर गाठी दाबाच्या प्रेसचा नंबर असते. गेटवर काट्याची पावती होते. दोन दिवसांत सापडते थो. असा बयताड चोर असते काय कुठी?"

"मग कसं करायला हवं होतं?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"अजी, नंबर टाकाच्या आधीच..." रामेश्वरभाऊ बोलता बोलता थांबले.

मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"तुम्हाला बरंच माहीत आहे," त्या म्हणाल्या.

रामेश्वरभाऊंचा चेहरा उतरला. "मॅडम, तीस वर्षं जिनिंग चालवून राहिलो मी. माहीत नसन तं काय?" मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "साहेब, सांगा ना यायले."

एका मिनिटापूर्वी हा माणूस माझा परवाना घालवायला निघाला होता. आता माझ्याच कादंबरीत चुका काढता काढता स्वतः अडकला होता. गप्प बसलो असतो तर मी सुटलो असतो. सगळा संशय त्यांच्यावर गेला असता.

"मॅडम," मी म्हणालो, "यांना माहीत आहे कारण हा यांचा धंदा आहे. गाठी कशा चोरायच्या हे मलाही माहीत आहे. चूक माझी आहे आणि ती मी लिहून देतो. मला या क्लेमवरून काढा, दुसरा सर्व्हेअर नेमा. फोटो, काटापावत्या, जिनमधला लोखंडाचा तुकडा, सगळं त्याच्याकडे देतो. माझं मत देत नाही. त्याला स्वतःच ठरवू द्या."

"म्हणजे अजून दोन महिने!" रामेश्वरभाऊ ओरडले. "बँकेचं व्याज कोण भरते?"

"तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "पण यांच्या सहीवर आज पैसे मिळाले, तर उद्या ऑडिटवाले ही अकरा पानं दाखवून परत मागतील. चालेल?"

रामेश्वरभाऊंनी पानं गोळा करून माझ्यासमोर ठेवली.

मी तिथंच बसून चूक कबूल केल्याचं पत्र लिहिलं. परवाना वाचला, लेखी ताकीद मिळाली. त्या कंपनीचं काम मात्र सहा महिने आलं नाही. नागपूरच्या सर्व्हेअरने पहिल्यापासून सगळं तपासलं. निष्कर्ष: अपघात.

क्लेम मंजूर झाल्यावर रामेश्वरभाऊंचा फोन आला. वाटलं, पुन्हा शिव्या. तर म्हणाले, "घ्या, आता लावा तुमची आग. पण गाठी नंबर टाकाच्या आधी हलवा. आन तो मालक इतका चिकट दाखवू नका. मी पावन्याले चहा पाजतो."

त्यांची पहिली सूचना मी घेतली. दुसरीवर विचार चालू आहे. आकडा बदलायचा म्हणून "पुष्कळ गाठी जळल्या" असं केलं आहे. वाक्य वाचताना अजूनही कसंतरी होतं, पण त्यावर कोणाला क्लेम करता येणार नाही. चालू कामातलं काही कादंबरीत घालू नये, आणि मोह झालाच तर निदान मोजून घालू नये, एवढं मी शिकलो.

शेवटी सत्तेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजारांतून साल्व्हेज वजा झालं, म्हणजे ओल्या, करपलेल्या कापसाची आलेली किंमत. एक्सेस, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचा हिस्सा, तोही वजा झाला. उरले एकोणचाळीस लाख पासष्ट हजार तीनशे. माल बँकेकडे तारण होता, त्यामुळे ते बँकेला गेले. सर्व्हेची फी नागपूरला गेली. टायपिंगचे तीन हजार दोनशे दहा मी संध्याताईंना दिले. त्यात स्टेपल केलेली अकरा पानंही धरलेली होती.